राविरीची पहिली रायफल

रुआटोरिया,
४ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. मेरेआनाताईस,
राविरीचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल. ताइमानाला इथली शाळा मानवली. पोरगी आता माझ्यापेक्षा चांगली पोहते आणि ते मला रोज ऐकवते.

मुद्द्याचं लिहितो. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी तुझा भाऊ आयुष्यातली पहिली रायफल घेणार आहे. हस, पोटभर हस. बाबांची रायफल कायम तुझ्या हातात, आणि मी मागून हरणाची तंगडी ओढणारा हमाल. पुढे मांसाच्या कारखान्यात सुरी धरली, बंदुकीची गरजच पडली नाही. आता कारखान्याला टाळं आहे, बाबांची रायफल पुरात घरासकट नदीनं नेली, आणि डोंगरातली हरणं उतरून माझ्या रताळ्यांचे वेल खातात.

त्याहून जिवाला लागतं ते दुसरंच. आपला चुलतभाऊ तामाती दर शनिवारी फाटकाला मांसाची पिशवी अडकवतो आणि हाकसुद्धा न मारता निघून जातो. त्याच्या मनात वाईट नाही, मला माहीत आहे. पण परवा ताइमानानं विचारलं की तामातीकाका आपल्याला का पोसतो. ताटातलं मांस तसंच ठेवून उठलो, ताई. गेल्या वर्षी सात महिने तुझ्या घरी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, तुम्ही दोघांनी पोसलं. आता पुरे झालं.

परवान्याची परीक्षा पास झालो आहे. एप्रिलमध्ये हरणांचे नर डुरकायला लागतील, तोच शिकारीचा मोसम, त्याआधी रायफल हातात हवी. सगळं मिळून चारशे डॉलर आहेत, त्यातच काडतुसं आणि कुलपाचं कपाटही बसवायचं. म्हातारा होरी त्याची जुनी लष्करी थ्री नॉट थ्री दीडशेला देतोय. घेऊ का? परवान्याच्या चौकशीला जवळचं नातेवाईक म्हणून तुझं नाव दिलं आहे. पोलिसांचा माणूस तुझ्याकडे येईल, तेव्हा माझी अब्रू राख.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
राविरी

◆

हेस्टिंग्ज,
१३ फेब्रुवारी १९९६

चि. राविरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसले, तू सांगितलंस म्हणून. इथे सफरचंदांचा हंगाम ऐन भरात आहे, पाठ दिवसभर वाकलेली. तुझे भावोजी विचारतात की जेवतोस का नीट. मीही तेच विचारते. झोप लागते का?

होरीची थ्री नॉट थ्री मुळीच घेऊ नकोस. त्या बंदुकीनं मी दोन हरणं पाडलीत आणि चार चुकवलीत. नळी आतून घासून गेली आहे, गोळी कुठे जाईल ते होरीलाही सांगता यायचं नाही. खांदा सुजतो तो वेगळाच. दीडशे डॉलर म्हणजे त्यानं तुला मामा बनवलं.

घाई काय आहे? हरणं पुढच्या वर्षीही डुरकतील. तोवर वेलांना कुंपण घाल. तामातीच्या मांसाचं एवढं मनाला लावून घेऊ नये, आपल्यात कोण कुणाचं मोजतं?

ताइमानाला पापा.

तुझी,
मेरेआना

◆

रुआटोरिया,
२५ फेब्रुवारी १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुंपण! हरणांना? ताई, शहरात राहून तुझं डोकं सफरचंदासारखं गोड झालंय.

होरीला नाही म्हणून सांगितलं, तो महिनाभर बोलणार नाही. मग गिझबर्नला जाऊन आलो. दुकानदारानं टू-फोर-थ्री दाखवली, कोरी करकरीत, हलकी, धक्का नाही. किंमत ऐकली आणि खिशातला हात खिशातच राहिला. ती घेतली तर दुर्बिणीला पैसा उरत नाही आणि तिच्यावर नुसत्या डोळ्यानं नेम धरायची सोयच नाही. मग म्हणाला, स्वस्तात ट्रिपल टू आहे, दुर्बिणीसकट. तीनशे वीस. मला आवडली. तामाती म्हणतो घे. मराएवर, आपल्या सभाघरात, सगळ्यांना विचारलं तर जितकी तोंडं तितक्या रायफली. नाकी नऊ आलेत. तू एकदाच काय ते सांग.

जेवतो. झोपतो. दर पत्रात विचारायला मी काही आजारी नाही.

तुझा,
राविरी

◆

हेस्टिंग्ज,
५ मार्च १९९६

चि. राविरीस,
अ. उ. आ.

ट्रिपल टू सशांसाठी. आपल्या दाट रानात तिची गोळी पानाला लागली तरी वाट बदलते आणि जखमी हरीण दोन डोंगर पलीकडे जाऊन मरतं. बाबांनी असल्या बंदुकीला घरात घेतलं नसतं. टू-फोर-थ्री परवडत नाही म्हणतोस, तर विषय संपला. पैसे साठव, पुढच्या वर्षी बघू.

त्यापेक्षा थोडे दिवस इकडे ये. बागेत हात कमी आहेत, पोरीला समुद्र मिळेल.

रागावू नकोस.

तुझी,
मेरेआना

◆

रुआटोरिया,
१५ मार्च १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नको म्हणतेस आणि रागावण्याजोगंच लिहितेस.

आता नीट वाच. टोलागा बे गावच्या एका विधवा बाईकडे थर्टी-थर्टी मिळाली आहे, खालचा दांडा ओढून काडतूस भरायची असते ती. आखूड, दाट रानातून चालताना कुठे अडकत नाही. आपल्याकडे हरीण दिसतं तेच पन्नास पावलांवर, म्हणजे दुर्बीण नकोच. नळी तामातीनं तपासली, आरशासारखी चकचकीत आहे. दोनशे साठ, वर काडतुसांचे तीन डबे फुकट. हिच्यात खोट काढून दाखव, मी तुझे पाय धरीन.

दुसरं म्हणजे परवान्याच्या साहेबांचा फोन तामातीकडे आला होता. तुझ्याकडे दोनदा जायचं ठरलं आणि दोन्ही वेळा तू ऐनवेळी जमत नाही म्हणालीस. बागेचं काम असेल एकदा, दुसऱ्यांदा काय होतं? तिकडे एप्रिल येऊन ठेपला आणि इकडे माझा परवाना तुझ्या उंबऱ्यावर अडकून पडलाय. ताई, तुझ्या मनात आहे तरी काय? माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

राविरी

◆

हेस्टिंग्ज,
२१ मार्च १९९६

चि. राविरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या थर्टी-थर्टीत खोट नाही. मी तुझ्या जागी असते तर आजच उचलली असती. होरीच्या बंदुकीची नळीही बरी आहे, चार हरणं चुकली ती माझ्या हातानं. ट्रिपल टूबद्दल जे लिहिलं ते खरं होतं, पण ते मी खरं म्हणून लिहिलं नाही, तुला थांबवायला लिहिलं.

मला भीती वाटते, राविरी. तू इथे पडून होतास तेव्हा एकदा म्हणाला होतास की तुझ्यावाचून कुणाचं काही अडणार नाही. चहाचा कप हातात होता आणि तू ते साखर मागावी इतक्या शांतपणे म्हणालास. नंतर तू हसायला लागलास, गावी गेलास, रताळी लावलीस. माझ्या कानातून मात्र ते वाक्य जात नाही. साहेब मला विचारणार की या माणसाच्या घरी बंदूक असली तर तुम्हाला झोप लागेल का. खोटं बोलायचं नाही आणि खरं बोलून तुझं तोंड काळं करायचं नाही, म्हणून दोनदा टाळलं.

आता टाळत नाही. मंगळवारी ते येणार आहेत. मी हो म्हणेन, पण एका अटीवर, आणि ती अट त्यांनाही सांगणार. थर्टी-थर्टी नको. तिचा कुठलाच भाग सहज निघत नाही. होरीची थ्री नॉट थ्री घे. तिचा मागचा बोल्ट हातानं ओढला की बाहेर येतो, आणि बोल्टाशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी. रायफल तुझ्या घरी राहू दे. बोल्ट तुझ्या समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या नॅनी पिरिहिराकडे राहील. शिकारीला जायचं असेल तेव्हा तिच्याकडून मागून न्यायचा, आल्यावर परत द्यायचा. मी तिच्याशी बोलले आहे. ती चहा पाजल्याशिवाय देणार नाही म्हणते.

हवं तर मला शिव्या दे. पण मला भाऊ हवा आहे, बाकी काही नको.

तुझी,
ताई

◆

रुआटोरिया,
२७ मार्च १९९६

मेरेआनाताईस,

परवाना मिळेल असं साहेबांनी कळवलं. होरीची बंदूक ठरवली. त्यानं मागच्या अपमानाचे वीस डॉलर जास्त लावले.

चाळिशी ओलांडलेल्या माणसानं म्हातारीच्या दारात उभं राहून पोरानं गोट्या मागाव्यात तसा बोल्ट मागायचा. सगळं गाव बघणार. तामातीची पिशवी बरी होती, तिला निदान कारण सांगावं लागत नव्हतं. तुझी अट पाळीन, दुसरा इलाज तू ठेवलाच नाहीस. पण मला विचारायचं सोडून तू आधी नॅनीला सांगितलंस, ते मी विसरणार नाही.

इतक्यात पत्र पाठवू नकोस.

राविरी

◆

रुआटोरिया,
१९ ऑगस्ट १९९६

ती. सौ. ताईस,
राविरीचा सा. न. वि. वि.

पाच महिने लिहिलं नाही. तू पाठवलेली तिन्ही पत्रं मिळाली, फोडली मात्र कालच.

एप्रिलमध्ये माझं पहिलं हरीण पडलं. पहिली शिकार आपण खायची नाही, या रीतीप्रमाणे स्वतःच्या तोंडाला लावलं नाही, सगळं वाटलं. एक मांडी तामातीच्या फाटकाला अडकवली आणि हाक न मारता आलो. रात्रभर हसू येत होतं. तुला कळवायला हवं होतं, पण रागाला मोठा मान दिला. त्यानंतर बोल्ट मागायला बरेचदा गेलो. दर वेळी चहा, दर वेळी नॅनीची प्रश्नांची सरबत्ती, आणि दर वेळी मनात तुझा उद्धार.

कारखाना कायमचा मोडीत निघाल्याचं मागच्या महिन्यात कळलं. उघडेल अशी कुठेतरी आशा धरून होतो, ते माझं मलाच माहीत नव्हतं. नंतरचे आठवडे वाईट गेले. कुणाला काही बोललो नाही.

गेल्या बुधवारी ताइमाना शाळेत गेल्यावर नॅनीकडे बोल्ट मागायला गेलो. पाऊस धो धो. नॅनीनं विचारलं कुठे निघालास. म्हणालो, डोंगरात. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कमरेला सुरी नव्हती, पाठीला पिशवी नव्हती. म्हणाली, बोल्ट आज मिळायचा नाही, आणि पडवीतली लाकडं फोडायला सांगितली. मी तिच्यावर ओरडलो, ताई. त्या म्हातारीवर. मग तिनं लाकडांचाही विषय सोडला, कुऱ्हाड न देता किटली चढवली आणि दाराला पाठ लावून बसून राहिली. दुपारी तामातीला बोलावून घेतलं. ताइमाना शाळा सुटल्यावर तिथेच आली.

ताई, मी शिकारीला निघालो नव्हतो.

हे मी नॅनीला सांगितलं, मग तामाती मला दवाखान्यात घेऊन गेला तिथे डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आता तुला सांगतोय. गोळ्या चालू आहेत, दर आठवड्याला बोलायला जायचं आहे. रायफल तामातीनं त्याच्या कपाटात ठेवली, मीच ठेव म्हणालो. रात्री तो आमच्याकडे झोपतो. घोरतो फार.

तू मला विचारलं होतंस की झोप लागते का, आणि मी तुला झिडकारलं होतं. लागत नव्हती. काल लागली.

लोभ ठेव असं लिहायची मला गरज नाही, तो तू माझ्या मर्जीविरुद्धही सोडला नाहीस. फक्त सफरचंदांची छाटणी तशीच टाकून चार दिवस ये.

वाट बघणारा,
राविरी