मणी-नेच्याचा जग

केंब्रिज, ओहायो
२० ऑक्टोबर १९९६, रविवार

प्रिय आर्डिथ,

तू आणि घरचे सगळे बरे असाल अशी आशा करते. तुमच्या टूसॉनला अजून उकडतच असेल. इथे मेपलची पानं गळून संपत आली आणि आज मी जाड मोजे कपाटातून काढले. गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. म्हणजे हेझल प्रायर गेली, पण तिला तू फारशी ओळखत नव्हतीस. चर्चमधली, कोपऱ्यावरच्या निळ्या घरातली. ऑगस्टमध्ये गेली, ब्याण्णव वर्षांची होऊन.

तिच्या मुलीने घरातलं सगळं सामान विकायला काढलं. जोआन म्हणून एक बाई अशा विक्र्या लावते, आणि घरात जुनी काच निघाली की मला बोलावते. नक्षी ओळखावी तर निओमाने, असं ती सगळ्यांना सांगते. मी काही तिला अडवत नाही.

गुरुवारी मी हेझलच्या जेवणाच्या टेबलाशी बसून एकेक भांडं बघत होते. साच्यात दाबून केलेल्या काचेला शिवण असते, ती बोटाने शोधायची. मग भांडं उलटं करून तळ बघायचा. खरंच जुनं असेल तर वर्षानुवर्षं टेबलावर सरकून तळाला बारीक चरे पडलेले असतात, उलटसुलट, वाटेल तसे. लबाड लोक नवा माल पॉलिश पेपरने घासतात, तेव्हा चरे सगळे एकाच दिशेने जातात. मला आयुष्यात माणसं कळली नाहीत, पण चरे कळतात.

जोआनने वरच्या फळीवरून दुधाचा एक छोटा जग काढून दिला. मणी आणि नेचा, आपल्याकडची नक्षी, काठाला मण्यांची ओळ आणि अंगावर नेच्याची पानं. मी काठावरून बोट फिरवलं. कानापासून सातवा मणी नव्हताच, तिथे नुसती सपाट काच. आपण त्या जागेला 'पडका दात' म्हणायचो, आठवतं?

हो, आईचाच जग.

आता इथे मी लिहिणार होते की आईने तो स्वतःच हेझलला देऊन टाकला असावा. तशी दोन पानं लिहिलीही होती. सकाळी चर्चला जायच्या आधी फाडली.

जगाच्या तळाला चिकटपट्टी होती, चर्चच्या जेवणाला भांडं नेताना आपण सगळ्याजणी नावाची लावतो तशी. पिवळी पडलेली, पण घट्ट. तिच्यावर आईचं नाव होतं आणि अक्षर माझं होतं.

मग सगळं आठवलं. आईला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. कॉफीला दूध कमी पडेल म्हणून मीच घरी येऊन तो जग भरून नेला. उरलेली भांडी ज्याची त्याला पोचवायला हेझल घेऊन गेली असणार. त्याच आठवड्यात ती जिन्यावरून पडली आणि वर्षभर मुलीकडे राहिली. जग तिच्या फळीवर राहिला. तिसऱ्या दिवशी मी आईचं कपाट उघडलं तर जग गायब, आणि शेजारच्या खोलीत तू बॅग भरत होतीस. "उघड ती बॅग," म्हणाले मी, तुझ्या नवऱ्यादेखत, पोरांदेखत. तू उघडली नाहीस. मला तेवढा पुरावा पुरला.

विसरले होते, शपथेवर सांगते. पण आठवायचा प्रयत्नही कधी केला नाही, हेही तितकंच खरं.

विक्रीच्या कामाला असेल त्याने आधी काही उचलायचं नाही, असा जोआनचा नियम आहे. म्हणून काल सकाळी सगळ्यांसारखी रांगेत उभी राहिले. चौदावा नंबर. आत गेले तर जग मर्ल हॅमिलच्या हातात! हा झेन्सव्हिलचा जुन्या वस्तूंचा व्यापारी, महा चिकट माणूस.

"काय गं निओमा, खरा की नकली? तू नाक मुरडलंस तर ठेवून देतो बघ."

नुसतं नाक मुरडायचं होतं, आर्डिथ. मोह झाला, खोटं कशाला बोलू.

"खरा आहे," मी म्हटलं. "तुझ्या आजोबांच्या वेळचा."

"एक मणी कमी आहे की याला."

"माहितेय. माझ्या आईचा जग आहे तो."

"मग इथे काय करतोय?"

खोलीत दहा-बारा माणसं होती. "मीच हरवला. आणि चोर ठरवलं बहिणीला."

मर्ल जग माझ्या हातात कोंबून म्हणाला, "धर. आणि आम्हाला खरंखोटं शिकवतेस होय गं, इतकी वर्षं!"

तुझ्याआधी परक्यांनी हे ऐकलं, त्याचं मला वाईट वाटतं.

जग आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. पट्टी काढलेली नाही. पार्सल मुद्दाम केलं नाही, कारण जगाबरोबर माफी पाठवली तर तू जगाचे आभार मानशील आणि बाकीचं गिळून टाकशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू सांगशील तसं करीन. बोलावलंस तर बसने घेऊन येईन. उत्तरच दिलं नाहीस तरी तो तुझाच राहील.

माफ कर, असं आता लिहायला हवं. पण त्याआधी एक उरलंय, आणि ते फाडलेल्या पानांतही नव्हतं.

आई दवाखान्यात होती, तू यायच्या आदल्या आठवड्यात. मला म्हणाली, "मणी-नेच्याचा जग आर्डिथला दे हं. तुझ्याकडे काच ढीगभर आहे." मी हो म्हटलं आणि कोणाला बोलले नाही. मला तो हवा होता. त्याहून जास्त, आईने तो मला द्यावा असं हवं होतं.

म्हणजे त्या दिवशी तुझ्या बॅगेत तो जग निघाला असता, तरी तू चोर नव्हतीस. आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आर्डी.

तुझी बहीण, अजून म्हणू देणार असशील तर,
निओमा