हार घातलेली गाडी

तुर्भे,
दि. १७ ऑक्टोबर १९८६

आदरणीय दादा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. आईचे गुडघे कसे आहेत? मी खुशाल आहे, जेवणखाण वेळेवर चालू आहे. सोमवारी बँकेत रुजू व्हायला ये म्हणून लिहिलंत, त्याचं पुढे लिहिते. आधी बुधवारचं ऐका, नाहीतर माझं पोट फुगेल.

आमची इंधनघटाची गाडी तुम्हाला ठाऊक आहेच. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा; आत दोघांची गाठ पडली की वीज तयार होते आणि खाली गळतं ते फक्त पाणी. बुधवारी दिल्लीचे पाहुणे ती बघायला येणार होते. चालली तर पुढचं काम, नाहीतर शेडला टाळं, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

दसऱ्याला मी धम्मचक्र दिनासाठी विहारात होते. इकडे शेडमध्ये यंत्रांची पूजा झाली. आमचा फिटर शिवा, तळवलीचा, मोठा भाविक. त्याने आमच्या गाडीलाही झेंडूचा जाडजूड हार घातला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाला,

"मॅडम, समद्या मशिनींना हार हाय, मंग हिलाच कसा नको?"

दुसऱ्याच्या श्रद्धेला कशाला हात लावा, म्हणून मी तो तसाच राहू दिला. मागे तो कुठवर लोंबतोय ते काही पाहिलं नाही.

बुधवारी मी गाडीवर बसले. निघाली झोकात, आणि अर्ध्या शेडमध्ये मंदावून थांबली. एक पाहुणे घड्याळ बघू लागले. साहेबांचा चेहरा उतरला. मी उडी मारून मागे गेले, तर हवा आत घेण्याच्या जाळीवर सगळा हार चिकटून बसलेला!

"शिवा, हार काढ!"

"पूजेचा हाय, मॅडम."

"अरे, जीव गुदमरतोय तिचा!"

हे त्याला पटलं. त्याने हार ओढून काढला आणि खाली कसा ठेवायचा म्हणून माझ्याच गळ्यात घातला.

दादा, मग निघाली ती! शेडबाहेर, थेट गेटपर्यंत. धूर नाही, घरघर नाही. पाहुणे मागून चक्क धावत आले. मी गळ्यात झेंडू घालून गाडीवर, हसतेय आणि रडतेय. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढची मोठी गाडी वैजयंती बांधणार."

आता बँकेचं. दादा, मी सोमवारी येणार नाही. त्या नोकरीसाठी तुम्ही किती खेटे घातलेत ते मला माहीत आहे. गल्लीत सांगूनही झालं असेल. पण माझा जीव या कामात आहे, आणि शेडला टाळं लागायची भीतीही आता उरलेली नाही. तुम्ही चिडाल, बोलणार नाही. राग उतरला की या. तुम्हाला गाडीवर बसवून गेटपर्यंत न्यायचंय.

आजवर प्रत्येक पत्राखाली 'आपली आज्ञाधारक' असं लिहीत आले. आज तेवढा शब्द लिहिता येत नाही.

आपली,
वैजयंती