वरच्या मजल्यावरील दोन भाडेकरूंबाबत

मी, प्रल्हाद विनायक देवस्थळी, वय एकाहत्तर, राहणार जर्सी सिटी, न्यू जर्सी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टर सांगतात. एका बाबतीतला गोंधळ मात्र अजून मिटलेला नाही. तो खाली येईलच.

१. बँकेतील ठेव व कै. पत्नी सुमित्राचे दागिने मुलगी सुनेत्रा हिला द्यावेत.

२. माझी दुरुस्तीकामाची सगळी हत्यारे मित्र एकनाथ याला. मुसलमान भाडेकरू ठेवले म्हणून त्याने माझ्याकडे येणे सोडले. आता मी नसताना तरी यावे.

३. घर सुनेत्राचे. मात्र वरच्या दोन खोल्यांत अदनान व बेहरुझ यांना शिक्षण पुरे होईपर्यंत राहू द्यावे. अदनान सीरियाचा, बेहरुझ इराणचा. इराकशी चाललेल्या युद्धात बहुतेक अरब देश इराणच्या विरुद्ध, सीरिया मात्र त्याच्या बाजूने. हे पेपरात वाचून मी दोघांना जेवायला बोलावले व म्हणालो, "तुमच्या देशांची दोस्ती आहे, तुमचंही जमेल."

अदनानने हातातला घास खाली ठेवला. "काका, माझं गाव हमा. ब्याऐंशी साली आमच्याच सरकारने तोफा लावून ते पाडलं. माझे वडील त्यात गेले. या बेहरुझचं सरकार एरवी जगभरच्या मुसलमानांसाठी बोलतं. तेव्हा गप्प बसलं."

बेहरुझ म्हणाला, "माझा भाऊ सरहद्दीवर लढतोय. सीरियाशिवाय आमच्या बाजूने दुसरं कोण उभं राहिलं? त्यांनाही दुखवायचं?"

दोघेही ताटावरून उठले. चूक कोणाची, हे मला तेव्हा कळले नाही, आजही कळत नाही.

यंदा मार्चमध्ये बेहरुझचा भाऊ मारला गेला. अदनानने मसूर-भात शिजवून पातेले त्याच्या दाराशी ठेवले. दार वाजवले नाही. बेहरुझने खाऊन पातेले घासून परत ठेवले. बरेच दिवस असे चालले. मी अदनानला विचारले, "मिटलं का?"

"नाही, काका."

बेहरुझही नाहीच म्हणाला.

४. दोघांनी समेट केला तरच खोल्या द्याव्यात, असे कलम आधी घातले होते. सुनेत्रा फोनवर म्हणाली, "बाबा, ते कोण ठरवणार? मी इथून, नोव्हायहून, दहा तास ड्राइव्ह करून चेक करायला येऊ?" ते कलम रद्द समजावे.

५. अंत्यविधीला दोघेही येतील. त्यांना शेजारी उभे करावे की लांब, हे मला सांगता येत नाही. सुनेत्राने त्या वेळी त्यांच्याकडे पाहून ठरवावे.

हे सर्व मी पुन्हा वाचून खालील दोघांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्या समोर केली.

(सही) प्रल्हाद विनायक देवस्थळी

साक्षीदार:
चारुदत्त रिसबूड, शेजारी
मृणालिनी टिपणीस, शेजारी

जर्सी सिटी, १२ ऑक्टोबर १९८५