शिवेवरचा द्रोण

बाबूजी, आज सकाळी रेल्वे फाटकाशी एक बाई टोपलीभर वाळलेली मोहफुलं घेऊन बसली होती. मी भाजी आणायला निघाले होते, पण तिथंच थबकले. "घेता काय, बाई?" तिनं विचारलं. मी नको म्हटलं आणि तरी हलले नाही. तो वास नाकात शिरला आणि तुमच्या गाडीची काच, तिच्यावरची तांबडी धूळ, तुमच्या शर्टाच्या खिशातला कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा, सगळं न बोलावता येऊन बसलं. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा आता माझं वय जास्त आहे. म्हणजे मला तुमच्यावर थोडं रागवायचा हक्क मिळाला म्हणायचा. पण रागवायला बसले की हसूच येतं.

तो उन्हाळा हैज्याचा, म्हणजे कॉलऱ्याचा होता. तलाव आटून मध्यावर आले होते, आणि तळाशी राहिलेलं गढूळ पाणी माणसंही पीत होती आणि जनावरंही. मी नुकतीच आपल्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले होते. अँब्युलन्स तुम्ही चालवायचात आणि मी शेजारी बसायची. तुमसरच्या रस्त्यावर धानाच्या बैलगाड्या बाजूला व्हायच्या आणि गाडीवान हात वर करून म्हणायचे, बाप-लेकीची गाडी आली. राइस मिलमधून फोन यायचा, अमक्या गावात हैजा झाला, गाडी पाठवा. आपण धापा टाकत पोचावं, तर बाभळीखाली एखादा बाप्या आडवा, आणि तोंडाला मोहाच्या दारूचा भपकारा. पोटात मोहाची असली की हैजा शिवत नाही, असं त्या वर्षी कुणीतरी उठवलं होतं आणि ते सगळ्यांना पटलं होतं. कुणी जुलाब थांबावेत म्हणून अफूची गोळी घ्यायचं, कुणी गांजा ओढून देवाच्या भरवशावर पडायचं. डॉक्टर वैतागून म्हणायचे, ही दवाखान्याची गाडी आहे की दारुड्यांची? तुम्ही फिनाइलनं गाडी धुवत असायचात. मान वर न करता म्हणायचात, "गाडीले नाई समजत साहेब, हैजा हाय का दारू. गाडीत पडला थो पेशंट."

तुम्ही हे म्हणायचात तेव्हा माझा जीव खालीवर व्हायचा. कारण आपलं घर मला आठवत होतं. आई तुमचं ताट झाकून चुलीपाशी बसलेली. तुम्ही यायचात, उंबऱ्याशी अडखळायचात आणि हसायचात, आणि ती भात गरम करायची. आई गेली आणि तुम्ही दारू सोडली. शपथ नाही, गाजावाजा नाही, माळ घातली नाही. फक्त खिशात गूळ आला. कुठं वास आला, मनात काही हललं, की तुम्ही हळूच खडा तोंडात टाकायचात. त्या उन्हाळ्यात तर दारू प्यालेली माणसं तुमच्या खांद्यावरून गाडीत जात होती आणि त्यांचे श्वास तुमच्या मानेवर येत होते. लोक हैज्याला भीत होते. मी तुमच्या खिशाकडे बघत होते, गूळ आहे ना, पुरेल ना.

मग तो दिवस. टळटळीत दुपार आहे, डांबर वितळून चाकांना चिकटतंय. फोन आलाय की एका गावात माणूस बेशुद्ध पडलाय. आपण पोचतो तर गाव बांधलेलं. रस्त्यावर आडवी दोरी, तिला आंब्याची आणि लिंबाची पानं, खाली राखेची रेघ. हैज्याच्या देवीला, मरीमायला, गावाबाहेर काढलंय, आज कुणी आत जायचं नाही, कुणी बाहेर यायचं नाही. फोन करताना ही गोष्ट कुणाच्या डोक्यातच आली नव्हती! दोरीपलीकडे म्हातारा पुजारी बसलाय. तुम्ही हात जोडता, समजावता, चढ्या आवाजात बोलता. तो शांतपणे पळसाच्या पानाचा द्रोण भरतो.

"मायेचा परसाद घे, डायवर. परसाद घेतला थो मायेचा माणूस. त्याले येणं-जाणं मोकळं."

"बाबा, मी पेत नाई."

"दारू कोण म्हून राहिलं? परसाद हाय."

"तुमीच आणून द्या ना त्याले इथवर."

"हैजा हाय म्हून कोणी हात लावत नाई."

तुम्ही मागं वळून माझ्याकडे पाहिलंत. मग द्रोण हातात घेतलात. तुमचा हात थरथरला नाही, हे मला आजही खटकतं. थरथरला असता तर मी थांबले असते. तो इतका सवयीनं वर गेला, जुन्या घराचं दार लोटावं तसा, की मी पुढं झाले, तुमच्या हातातून द्रोण काढला आणि एका दमात पिऊन टाकला. पुजारी टाळी वाजवून हसला. दोरी वर झाली.

सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. घसा आधी जळला, मग छातीत काहीतरी उकलत गेलं. पुढचं मला नीट आठवत नाही आणि फार छान आठवतं. सगळी दारं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, अंगणाअंगणांत मोहफुलं वाळत घातलेली आणि सगळ्या गावावर त्यांचा वास. माझे पाय जमिनीला जेमतेम लागत होते. मला वाटलं, मी याच गावची आहे, पुढच्या घरात आई भात गरम करत असेल, आणि तुम्ही ओसरीवर हसत बसला असाल. भीती कुठं गेली कोण जाणे. एका दारात त्या माणसाची बायको उभी होती. "हैजा येऊ नोय म्हून पेला," ती रडत म्हणाली, "आता उठतच नाई." मी त्याला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, नाडी पाहिली. हैजा नव्हता, नुसती दारू होती, पण श्वास घरघरत होता. आम्ही दोघींनी खाट उचलली. शिवेवर तुम्ही दोरीखालून हात घालून खाटेचं दुसरं टोक धरलंत. माझ्याकडे पाहिलं नाहीत.

तो वाचला. पुढच्या साली बायकोसोबत येऊन तुमच्या पाया पडून गेला. तुम्ही त्याला म्हणालात, माह्या नाई, हिच्या पड.

पण त्या दिवशी परतताना तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता विचारलंत, "माह्यावर भरोसा नव्हता काय वं तुले?"

मी मागं वळून त्या माणसाची घरघर ऐकत राहिले. तुम्ही खिशातून कागद काढलात, शेवटचा खडा होता. "घे. तोंडात ठेव. वास जाईन." मला तेव्हा रडू आलं. तुम्हाला वाटलं असेल, तुम्ही रागावल्यामुळे.

त्यानंतरही तुम्ही कधी प्यायला नाहीत. तो द्रोण तुम्ही तोंडाला लावला असता की जमिनीवर ओतला असता, हे मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारून काय! हे लिहिलेला कागद मी घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे, तुमच्याकडे जायचा रस्ता मला माहीत नाही. एक मात्र सांगते. इतकी वर्षं तुम्ही रोज काय बाजूला सारत होतात, ते मला त्या दुपारी कळलं, बाबूजी, त्याआधी नव्हतं कळलं. मला ती दारू आवडली होती. तुम्ही दिलेला गूळ मी तोंडात घातलाच नाही. दवाखाना येईपर्यंत मुठीत धरून ठेवला, तोंडातली तिची चव जाईल म्हणून.