खाडी पहिली आली

तीर्थस्वरूप मैनाताईस,

धाकट्या काशिरामचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे खुशाल, माझी कंबर सोडून. पण ती सत्कारणी लागली. (तुला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून हे पत्र हितेशच्या टेम्पोतून पाठवतोय. सुनेकडून, विनिताकडून वाचून घे.)

तर ताई, माझी नात मनस्वी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली आली. (खरं तर मी आलो, पण नाव तिचं लागलं.) वसुंधराबाईंनी निसर्गातलं एखादं भूरूप हाताने बनवून आणायला सांगितलं होतं. निम्म्या वर्गाने ज्वालामुखी ठरवला. परेश म्हणाला, बाबा, स्टेशनजवळ तयार मिळतो. माझं डोकं सणकलं. पनवेलात ज्वालामुखी कुणाच्या बापाने पाहिलाय? आपल्या दहा पिढ्या मिठागरात गेल्या, आपण खाडी बनवायची. गेल्या वर्षी पोरीच्या थर्माकोलच्या डोंगराकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं आणि ती न जेवता झोपली होती, ते मी विसरलो नव्हतो.

ओहोटी बघून दोन गोणी चिखल आणला. चिखल पायाने तुडवल्याशिवाय धरत नाही हे तुला सांगायला नको, पण तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमला ते ठाऊक नव्हतं. मोरी तुंबली आणि सूनबाई अंकिता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही (त्या दोन दिवसांत काम झपाट्याने झालं). जुन्या दरवाजाच्या फळीवर नदीचं मुख, चिखलपट्टी, तिवराची झाडं म्हणून कढीपत्त्याच्या काड्या, सगळं उतरलं. बांध नैसर्गिक नसतो म्हणून मनस्वीने दटावलं, तरी मागच्या बाजूला एक छोटा घातलाच. हात ऐकत नाहीत. फळी उचलायला चौघे लागले. रिक्षावाला रामू म्हणाला, "काका, यो मॉडेल नाय, जमीन हाय. आधी सातबारा काढा."

परीक्षक आमच्यापाशी येईपर्यंत शेजारचे ज्वालामुखी खाण्याच्या सोड्याने फसफसून थंड झाले होते. मनस्वीने भरती दाखवायला तांब्याभर पाणी ओतलं आणि चिखलातून चिंबोरी बाहेर आली. जिवंत. गोणीतून आलेली, तीन दिवस आमच्या बाल्कनीत दबून बसलेली. परीक्षकांनी "खेकडा!" म्हणत पेनाने बीळ दाखवलं, तर तिने पेनच धरलं आणि सोडेना. सगळी शाळा आमच्या टेबलाभोवती. आणि आपली पोर शांतपणे म्हणते, "सर, खाडीत जीव राहतो, तेच दाखवायचं होतं." ताई, मला रडू आलं. ही कल्पना कुणाची, असं बाईंनी विचारल्यावर मी नम्रपणे मान खाली घातली.

घरातल्या लहानथोरांची चौकशी केली आहे म्हणून सांग.

तुझा विजयी भाऊ,
काशिराम

ता. क. मॉडेल तालुक्याच्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलंय. शुक्रवारी न्यायचंय. शाळेच्या चिठ्ठीत लिहिलंय, 'जिवंत चिंबोरीसह आणावे'.

आणखी एक ता. क. विनिता, हे जरा हळू वाच. मनस्वीने चिंबोरीचं नाव शांती ठेवलं आणि बादलीत घालून माझ्या हवाली केली. दुसऱ्या दिवशी पोर शाळेत गेलेली, घरात कुणी नाही, ओला नारळ समोर. मी सांगितलंच, हात ऐकत नाहीत. रस्सा फक्कड झाला होता. पोरीला सांगितलंय की शांती माहेरपणाला तुझ्याकडे गेली आहे. तेव्हा ताई, हितेशच्या हाती एक चिंबोरी पाठव. मुठीएवढी, डावी नांगी थोडी लहान. (तुझे कान तिखट आहेत हे मला माहीत आहे. फोनवर बोललो असतो, पण मनस्वी शेजारीच बसलेली असते.)

शक्यतो दोन पाठव. माझा भरवसा नाही.