बोर्डावरचं इंग्लिश

सोम. १६ जाने. ८४
ऑफिसात अजून तिळगुळाचे डबे फिरतायत. टेलिफोनच्या बोर्डावर आम्ही दोघीच, परेरा मिस आणि मी. मार्चात मिस रिटायर होणार. आज त्यांनीच विचारलं, "तुझ्या घरात कोण मुलगी आहे काय? मॅट्रिक झालेली, आवाज चांगला?" मी चटकन म्हणून गेले, धाकटी जाऊ आहे. जीभ मेली माझी, कधी थांबेल तर शपथ.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. माझ्या चिऊला वरणभात भरवत होती, घास हातातच राहिला. "वैनी, माका जमात मां?" भावजी गिरणीच्या संपापासून घरीच. सकाळी कारखान्यांच्या गेटवर चक्कर मारून येतात आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून पडतात. हिला नोकरी लागली तर दोघं माणसांत येतील. म्हटलं, जमेल गं, न जमायला काय झालं. मी शिकवते की.

बुध. १८
शिकवणी सुरू. मेथी निवडता निवडता. सु. वाचते छान, शाळेतलं इंग्लिश पक्कं आहे. पण बोर्डावरचं इंग्लिश वेगळंच. जोडून द्यायचं तर 'पुट थ्रू'. साहेब जरा बाहेर गेले की 'स्टेप्ड आउट'. लाइन तुटली की 'कट ऑफ'. पुट म्हणजे ठेवणे, थ्रू म्हणजे मधून, आणि दोन्ही मिळून काय ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. वाक्यातच ऐकावं लागतं, वाक्यातच बोलावं लागतं. मी नवीन होते तेव्हा मिसनी मला डबा खाता खाता शिकवलं. स्वतःची पोळी गार करून.

आज सु.ला फक्त 'होल्ड ऑन' दिलं. तिने लगेच चिऊवर चालवलं. पोरगी भुकेने किंचाळतेय आणि ही म्हणते, "होल्ड ऑन, चिऊबाय, दूध तापता हा." हसून हसून पोटात दुखलं.

रवि. २२
चिऊला ताप. सु.च्या कमरेवरून उतरेना. मी घ्यायला गेले तर माझा हात झिडकारला. दीड वर्षाची कार्टी! दिवसभर हिच्याजवळ असते, तिचं तरी काय चुकलं.

आणि तेव्हा डोक्यात आलं. सु. ऑफिसला गेली तर चिऊला कोण बघणार? सासूबाई गावी, गुडघे धरून बसलेल्या. शेजारणीवर माझा भरवसा नाही. म्हणजे माझी नोकरी सुटणार. बोर्ड सोडून चुलीपुढे बसायचं? मी? छे. ह्यांना काही बोलले नाही. ते म्हणाले असते, बस की घरी.

गुरु. २६
सुट्टी. सु. सकाळीच वही घेऊन हजर. मी तिला शाळेच्या पुस्तकातली वाक्यं दिली. काइंडली वेट. आय ॲम कनेक्टिंग यू. द मॅनेजर इज नॉट इन द ऑफिस. चुकीचं एकही नाही त्यात, मास्तरांनी पैकीच्या पैकी दिले असते.

"बोर्डावर असाच बोलतत मां?"
हो म्हटलं.

शनि. २८
भांडी घासताना पाठ करते, केर काढताना पाठ करते. भावजी तोंडाला वाटी लावून साहेब होतात, "हॅलो, हॅलो, मॅनेजर कुठे मेला?" ती मान ताठ करून उत्तर देते. कितीतरी दिवसांनी घरात असं हसणं. मी ताट सरकवून उठले. ह्यांनी विचारलं, बरं नाही का. पित्त म्हटलं.

मंगळवारी मिस तिची बोर्डावर परीक्षा घेणार, अजून वेळ आहे. उद्या बसवून सगळं सांगावं. पण मग चिऊ

मंगळ. ३१
वाट लागली.

मिसनी साहेबांच्या केबिनमधून फोन केला, रिसीव्हर सु.च्या कानाला. मी शेजारीच, माझ्या हेडफोनवर सगळं ऐकू येत होतं. "पुट मी थ्रू टू अकाउंट्स." सु. गप्प. "वी गॉट कट ऑफ. हू पिक्ड अप?" गप्प. "ऑल राइट, आय विल कॉल बॅक." तेव्हा ती म्हणाली, काइंडली वेट. मग परत, काइंडली वेट. कान लालबुंद झाले होते तिचे. माझ्याकडे बघत होती, मी बटणांकडे.

नंतर पॅसेजमध्ये मिस मला म्हणाल्या, "तुला मी सगळं दिलं ना? काय ठेवलं माझ्याकडे?" आणि मग हळूच, "यू हेल्ड बॅक." सु. पर्स घट्ट धरून शेजारीच उभी.

बसमध्ये म्हणाली, "माझाच डोक्या जड, वैनी. तुम्ही काय कमी शिकवलात?" घाटकोपरला उतरून चिऊसाठी चिक्की घेतली. रिकाम्या हाती गेलं तर पोर हिरमुसते म्हणाली.

मेले मी.

रवि. ५ फेब्रु.
भावजींनीच विषय काढला. "नोकरी गेली ती गेली, वैनी. नायतर मी चिऊला सांभाळायला तयार होतो."
"तुम्ही?"
"मग काय झालं? घरीच तर असतो. सुनंदाने पहिल्याच दिवशी विचारलंन. पोरीला न्हाऊ घालायला कसली डिग्री लागते?"

म्हणजे तिने माझ्या पोरीची सोय आधी लावली, मग वही उघडली. आणि मी? मला कुणाला विचारायचंसुद्धा सुचलं नाही. पुरुषमाणूस पोर सांभाळेल हे डोक्यातच आलं नाही. आलं असतं तर विचारलं असतं का? काय माहीत. खोटं कशाला लिहू.

शनि. ११
मिसच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, मिस, तिची चूक नाही. एवढंच. मिस डबा उघडत होत्या. "एक मुलगी बघितली, आवाज कावळ्यासारखा," म्हणाल्या. "सोमवारी वीस तारखेला तुझ्या जावेला परत आण. पण या टायमाला शिकवून आण."

घरी येऊन सु.ला म्हटलं, परत बोलावलंय. तिने चिऊला उचलून गरगर फिरवलं. मग लगेच निवडायला बसली, मेथी नव्हती तर कोथिंबीर. आता सगळं देतेय. हातचं राखून काही नाही.

गुरु. १६
झकास उचलते. पाठ नाही करत, जागच्या जागी वापरते. सकाळी भावजींना म्हणाली, "गेट अप, पाणी इला." मग, "नळ टर्न ऑफ करा, बादली भरली." भावजी म्हणतात, नोकरीआधीच साहेबीण झाली. चिऊ पण 'होडॉन' म्हणते आणि थांबत मात्र कुणासाठी नाही. आज ह्यांनीसुद्धा एक वाक्य म्हटलं, चुकीचं.

संध्याकाळी भात शिजत होता. सु. वही घेऊन समोर बसली.
"वैनी, त्या दिवशी परेराबाय तुमका काय म्हणाल्या? यू हेल्ड बॅक. होल्डचा हेल्ड होता, ता माका ठाऊक आसा. होल्ड ऑन म्हणजे थांबा. मग होल्ड बॅक म्हणजे काय ओ?"

तोंडाकडे बघितलं तिच्या. काही कळेना. खरंच विचारतेय की माझ्या तोंडून ऐकायचंय. म्हटलं, भात बघ आधी, करपेल. तिने भात बघितला. परत येऊन बसली, पेन्सिल हातात.
"सांगा. वाक्यात घालून सांगा."

चिऊ उठली वाटतं म्हणून मी आत आले. चिऊ गाढ झोपलीय. तिच्या उशाशी बसून हे लिहितेय. बाहेरून हाक येतेय.
"वैनी, होल्ड ऑन करू काय?"