डाव्या बरगडीतलं कोपर

४ जून
आज पुन्हा हाणलं! हजेरीच्या रांगेत, डाव्या बरगडीत, रोजच्याच जागी. नेमकी माझा नंबर यायची वेळ झाली की बाजूच्या कैद्याचं, मी त्याला खोकल्या म्हणतो, त्याचं कोपर येतं. मी चुकावं म्हणून. मी कळवळतो आणि तरी ‘हजर’ म्हणतो. नंतर त्याला आईवरून शिवी दिली. तो खोकत खोकत हसला. वळकटी शेजारी त्याचीच, रांगेत शेजारी तोच, जेवताना समोर तोच. एका गुन्ह्याला एकच शिक्षा असते असं कोण म्हणतं?

७ जून
कुणीतरी चुगली केली आहे.
भेटीच्या खोलीत बोलावलं. वाटलं, पोरगी आली. तर चष्मा लावलेली एक बाई, मांडीवर पिशवी घेऊन. माजी सैनिकांच्या कार्यालयातून आली म्हणे. तुरुंगात गेलं तरी सैनिकाचे काही हक्क शिल्लक राहतात, ते मिळवून देणं हे तिचं काम. हे सगळं तिने माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं. दारातला शिपाई दात काढत होता.
“काका, कानाचं मशीन मिळेल तुम्हाला! तोफखान्यात होता ना?”
मी तुझा काका नाही. आणि बहिरा तर नाहीच. तोंडावर सांगून उठून आलो.
कुणी सांगितलं हिला? सापडू दे नुसता!

८ जून
बहिरा नाही. कमी येतं. फरक असतो. हजेरीचंच बघा. शिपाई पार त्या टोकाला, कागदात तोंड खुपसून पुटपुटतो. तरी आजवर माझी एकही हजेरी चुकलेली नाही. वेळेचा अंदाज! तोफेवर आयुष्य काढलंय, फुकट नाही. शेजारच्या खुळ्याला काय कळणार.

१९ जून
बाई परत. या वेळी पाटी घेऊन. लिहून विचारते — मागच्या वर्षी सुटकेच्या मंडळापुढे काय झालं?
म्हणजे तेही हिला ठाऊक!
झालं असं की मंडळाच्या साहेबांना भरघोस मिशी. ओठ दिसेनात. काहीतरी विचारलं, मी मान हलवली. लोकांना ‘काय?’ ‘काय?’ विचारत बसण्यापेक्षा मान हलवलेली बरी असते. नंतर कळलं, प्रश्न होता — “सुटल्यावर मेहुण्याला पुन्हा हात लावणार का?” मी हो म्हणालो. चांगलं ठामपणे!
मेहुण्याला जिन्यावरून ढकललं, खरं आहे. त्याचा पाय कायमचा गेला, तेही खरं. पण पुन्हा? तो माणूस मला नजरेसमोरसुद्धा नको.
पोरगी तेव्हापासून येत नाही. घरच्यांची भेट काचेआडून; ती पलीकडून फोनवर बोलायची, इकडे मी मान हलवायचो. शेवटी तिने फोन ठेवला. “बाबा, तुम्ही ऐकतच नाही.” तेवढं मात्र ओठांवरून बरोबर कळलं.
मंडळ पुन्हा नोव्हेंबरात बसणार. बाईने लिहिलं — अर्जावर सही करा, त्याआधी मशीन आणते. अर्जात पहिलंच वाक्य: मला ऐकू येत नाही.
मी बाहीने तिची पाटी पुसून टाकली.

२ जुलै
केली सही. नोकरीत असताना हे कबूल केलं असतं तर तोफेवरून उचलून भांडारात बसवलं असतं, घोंगड्या मोजायला. म्हणून लपवलं. आता लपवून कुठली तोफ वाचवायची आहे?
बाई ‘शाब्बास’ म्हणाली. डोक्यात गेली!

११ ऑगस्ट
अर्ज परत आला. कान नोकरीतच गेले याचा पुरावा द्या म्हणे. पुरावा! तोफ ओढत आणू का तुमच्या दारात?
बाई माझ्यापेक्षा जास्त चिडलेली. पहिल्यांदाच जरा बरी वाटली. जराच.

२९ सप्टेंबर
पुराव्यासाठी इस्पितळात नेऊन कानांची तपासणी. दोनदा गाडी नाही म्हणून रद्द झाली होती. मग बाई जेलरसाहेबांच्या खोलीत ठाण मांडून बसली, तेव्हा गाडी उगवली. डॉक्टर सगळे प्रश्न शिपायाला विचारत होता. कान माझे, हातात बेड्या माझ्या, उत्तरं शिपायाची.

२१ ऑक्टोबर
मशीन आलं. वालाच्या दाण्याएवढं.
देवा, किती बोलतात सगळे! आणि काय ते फालतू! पंखा करकरतो, नळ गळतो, पलीकडचा टकल्या जेवताना मचमच करतो. एवढ्यासाठी का सही केली मी?

२२ ऑक्टोबर
आज हजेरी ऐकली. नंबर ओळीने घेतच नाहीत! मधलाच कुठला तरी, मग पहिला, मग शेवटचा. शिपायाच्या मनाला येईल तसं. यात अंदाज लागणं शक्यच नाही. कुणालाच नाही. मग माझा नंबर पुकारला — मी ऐकला — आणि त्याच क्षणी बरगडीत कोपर.
जेवताना खोकल्याला विचारलं, “कधीपासून?”
“तू आलास तेव्हापासून. हजेरीला गप्प राहतो त्याला एकट्याला कोठडीत टाकतात, माहीत नाही का?”
त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. फाटका आवाज.
“बाईला तूच सांगितलंस?”
“माझ्याच कामासाठी बोलावलं होतं तिला. माझं नाही बसलं नियमात. म्हटलं, आलीच आहेस तर ह्या बहिऱ्याचं बघ.”
लष्करात ड्रायव्हर होता. बडतर्फ झालेला. बडतर्फ माणसाला काहीच मिळत नाही, छातीचं औषधसुद्धा नाही. इतकी वर्षं शेजारी झोपतो आणि मला पत्ता नाही. मी विचारलंच नव्हतं कधी. स्वतःचाच संताप आला.

२३ ऑक्टोबर
आज कोपर नाही. “आता ऐकतोस की,” म्हणाला. बरगडी मोकळी. बरं नाही वाटलं.

३० ऑक्टोबर
बाईवर ओरडलो. खोकल्याच्या छातीचं आधी बघ म्हटलं. “काका, नियमात नाही बसत.”
नियमाच्या नानाची टांग! बाई म्हणाली, बडतर्फीचा शेरा बदलून मागता येतो, पण वर्षं लागतात.
त्याच्यापाशी वर्षं आहेत का, ते जाऊन विचार तुझ्या कार्यालयाला.
तरी तिला खोकल्याचा अर्ज घालायला लावलाच.

१४ नोव्हेंबर
मंडळ. तीच मिशी, तोच प्रश्न.
“नाही,” म्हणालो.
मंजूर! बाईने पोरीला कळवलंय. न्यायला येणार आहे.

२० नोव्हेंबर
उद्या सुटका. आज हजेरीआधी मशीन काढलं, खोकल्याला दिसेल असं खिशात टाकलं आणि पुढे बघत उभा राहिलो.
कोपर आलं. त्याच जागी.
जोर नव्हता त्यात.